निशाणाच्या तराफ्यावरचा निकाल

या, अजून थोडे पुढं सरका. चटई लांब आहे, आणि ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी खुशाल खांबाला टेकावं. गोष्ट सांगतो. नदीची आहे, नावांची आहे, पैजांची आहे, आणि एका वाक्याची आहे. ते वाक्य एका मानी माणसाच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकलं होतं. ते बाहेर कसं पडलं, तेवढं ऐकून जा.

आमच्या पाक-ख्लोंगला भिक्खूंचा वर्षावास संपतो तेव्हा नदी साऱ्या भातखाचरांचं पाणी पोटात घेऊन तट्ट फुगलेली असते. मग विहाराविहारांतल्या लांब नावा छपराखालून बाहेर निघतात. नाव विहाराची, वल्हेकरी गावचे. पण जिनं आधी रेषा ओलांडली ती जिंकली, असला सोपा कारभार आमच्याकडं नाही. नदीच्या मधोमध एक तराफा नांगरलेला असतो. त्यावर बांबूच्या नळीत वेताची काठी आणि काठीला निशाण. दोन नावा तराफ्याच्या दोन अंगांनी सुसाट येतात. प्रत्येकीच्या पुढं उंच वळलेली नाळ, म्हणजे नावेचं नाक. ऐन क्षणाला वल्हेकऱ्यांतला एक गडी त्या नाळेवर माकडासारखा चढतो, अंग पाण्यावर झोकतो आणि निशाण उपटतो. ज्याच्या हातानं काठी नळीतून निघाली, तो जिंकला. नाव हातभर पुढं असली आणि गड्याचा हात चुकला, की गेली. अशी शर्यत दुसरीकडं कुठं होते का, मला ठाऊक नाही. होत असेल तर ती आमच्याकडूनच शिकलेली असणार.

निकाल एकटा पंच देतो. तो तराफ्यावर, निशाणाच्या बुडाशी मांडी घालून बसतो. एका हाताशी तांबडी पताका, दुसऱ्या हाताशी निळी. पाण्यात पडल्यावर कुणाच्या मुठीत काय उरलं, याला किंमत नाही. पाण्यात चोरही साव होऊन वर येतो. काठी निघाली तो क्षण पंचानं पाहिलेला असतो, आणि त्यानं पाहिलं म्हणजे साऱ्या नदीनं पाहिलं.

त्या जागी कितीतरी वर्षं लुंग थावॉन बसत होते. लुंग म्हणजे थोरले काका. सारं गाव त्यांना तसंच म्हणे. जन्म त्यांचा पलीकडच्या काठावरच्या बान-नोकचा. तरुणपणी बान-नोकच्या नावेच्या नाळेवर चढणारा गडी म्हणजे हाच. एका वर्षी त्यांनी अलीकडच्या काठावरच्या आमच्या था-साय गावच्या नावेच्या नाकासमोरून निशाण नेलं, आणि काठावर उभ्या असलेल्या लमायनं आपल्या गावाच्या हरण्यावर टाळ्या वाजवल्या. आईनं तिथल्या तिथं तिच्या पाठीत धपाटा घातला. पुढच्या उन्हाळ्यात लग्न झालं. आमच्याकडं जावई सासुरवाडीला नांदायला येतो, तसे थावॉन था-सायला आले आणि कायमचे था-सायचे झाले. अंगातली चपळाई ओसरली तेव्हा दोन्ही काठांनी मिळून त्यांना तराफ्यावर बसवलं. दोन्ही काठांना पसंत पडेल असा माणूस पाक-ख्लोंगमध्ये दुसरा नव्हता. बाजारातल्या मासळीच्या वजनावरूनसुद्धा आमचे दोन काठ भांडतात, त्यावरून काय ते समजा.

लमायला या गोष्टीचा गर्व होता, आणि ती तो लपवत नसे. शर्यतीच्या दिवशी ती तराफ्यासमोरच्या चिंचेखाली पाटी मांडायची. पाटीत तोम. चिकट तांदूळ नारळाच्या दुधात शिजवायचा, ताडाच्या कोवळ्या पानात त्रिकोणी बांधायचा आणि पुन्हा उकडायचा. वर्षावास संपण्याच्या सणाला तोमाशिवाय आमच्याकडं देवही तोंड उघडत नाही. गिऱ्हाईक घासाघीस करू लागलं की लमाय तराफ्याकडं बोट दाखवायची. "ते बसलेत ना, ते माझ्या घरचे. त्यांचा निकाल आणि माझा भाव, दोन्ही फिरत नाहीत."

त्या वर्षी अंतिम शर्यत था-सायच्या 'मेखला' नावेची आणि बान-नोकच्या नव्या नावेची होती. सकाळी लमाय नेहमीप्रमाणं आधी विहारात गेली. लुआंग फो चेम, आमचे वडीलधारे भिक्खू, प्रवचन गातात. गातात म्हणजे असं, की बसलेला माणूस उठायचा विसरतो. कथा सांगता सांगता एखाद्या ओळीशी येतात, तिला असा झोका देतात की छपराखालची पाखरंसुद्धा गप्प होतात. त्या दिवशीची ओळ होती, "खोटं बुडतं, खरं भिजतं, आणि भिजलेलं वाळतं." त्यातलं 'वाळतं' त्यांनी इतकं लांब ओढलं, की लमायच्या शेजारच्या म्हातारीनं डोळे पुसले आणि मग पुटपुटली, "माझे वाळत घातलेले मासे मांजरानं नेले नाहीत म्हणजे मिळवली." लमाय हसू आवरत उठली आणि पाटी घेऊन घाटावर आली.

घाटावर पैजांचा बाजार भरलाच होता. बोटं वर होत होती, मुंड्या हलत होत्या. सर्वांत मोठी पैज सिया हेंगची. सिया म्हणजे शेठ. भाताची गिरणी त्याची, दोन सोन्याचे दात त्याचे, आणि आवाज तर गिरणीच्या पट्ट्यासारखा. त्यानं सारं काही बान-नोकवर लावलं होतं. का, तर सरावाच्या वेळी ती नाव त्यानं डोळ्यांनी पाहिली होती. शर्यतीआधी तो लमायच्या चिंचेखाली तोम खायला बसला. थावॉनही तिथंच होते, सर्दीनं बेजार. सिया हेंगनं खिशातून कापराची हुंगायची नळी काढून त्यांच्या हातात दिली. थावॉननी दोन्ही नाकपुड्यांना लावून हुंगली आणि परत दिली. झालं एवढंच. पण लांबून पाहणाऱ्याला काय दिसलं? शेठच्या हातातून पंचाच्या हातात काहीतरी गेलं.

दुपारी ढोल वाजले. दोन्ही नावा वरच्या वळणावरून सुटल्या. सारा काठ ओरडत होता, आणि लमायही घसा फोडून "मेखला! मेखला!" करत होती. नवरा पंच असला म्हणून काय झालं, गाव ते गाव. नावा जवळ आल्या. मेखला तांबड्या अंगानं, बान-नोकची निळ्या अंगानं. वल्ही एकदम पाण्यात, एकदम वर. आणि तेवढ्यात लमायला बान-नोकच्या नावेची नाळ दिसली.

बुड नवं होतं, फळ्या नव्या होत्या. नाळ मात्र जुनी होती. तिच्यावरची ती आडवी भेग लमायनं कुठंही ओळखली असती. बान-नोकच्या सुतारांनी जुनी कुजलेली नाव मोडली, पण नाळ राखली आणि नव्या अंगाला जोडली. आमच्याकडं मानतात की नावेची आई नाळेत राहते. ज्या झाडाची नाव, त्या झाडाची ती. रंगीत पट्टे बांधायचे ते तिला, हार घालायचा तो तिला, आणि नाळेवर चढणारा गडी चढण्याआधी कपाळ टेकवतो तेही तिलाच. थावॉननी तरुणपणी त्याच नाळेला कपाळ टेकवलं होतं. ती मोडीत गेली असं ऐकून ते त्या दिवशी जेवले नव्हते.

लमायनं झटकन नवऱ्याकडं पाहिलं. तराफ्यावर बसलेल्या थावॉननी दोन्ही हात जोडले होते. नाळ त्यांच्या अंगावरून सावलीसारखी गेली, तसं त्यांचं मस्तक खाली गेलं. जोडलेल्या अंगठ्यांना कपाळ लागलं. डोळे मिटलेले.

नेमक्या त्याच क्षणी वर दोन हात निशाणावर पडले.

था-सायचा नोप आणि बान-नोकचा डाम, दोघेही नाळेवरून निसटले आणि निशाणासकट पाण्यात गेले. वर आले तेव्हा नोपच्या मुठीत फाटकं कापड होतं आणि डामच्या मुठीत काठी. थावॉननी मान वर केली होती. क्षणभर त्यांचा हात दोन पताकांच्या मध्ये थांबला. मग त्यांनी निळी उचलली.

बान-नोकचा काठ नाचू लागला. था-सायच्या काठावरून एक आरोळी उठली. "ठरवलेलं आहे! सामना ठरवलेला आहे!"

मग काय विचारता! ज्यानं पाहिलं तोही ओरडत होता, आणि ज्याच्यापुढं उंच माणूस उभा होता तो त्याहून जास्त. कुणी म्हणालं, पंच जन्मानं बान-नोकचा, रक्त कुठं जातंय. कुणी म्हणालं, सकाळी चिंचेखाली काय दिलं-घेतलं ते आम्ही पाहिलंय. "पुडकं होतं पुडकं, एवढं जाड!" एकानं हातानं मापही दाखवलं. कापराची नळी दुपारपर्यंत विटेएवढी झाली होती.

लमायचा धाकटा भाऊ बनचोंग मेखलेवर वल्हेकऱ्यांचा म्होरक्या होता. तो ओल्या कपड्यांनिशी चिंचेपाशी आला. बाकीचे त्याच्या मागं.

"ताई, भावजींनी किती घेतले?"

"काय घेतले?"

"वेड पांघरू नकोस. सिया हेंगकडून."

"कापूर हुंगला. तुला पाहिजे का? त्याच्याकडं अजून शिल्लक असेल, डोकं ठिकाणावर येईल."

मागचे दोघेतिघे हसले. बनचोंग हसला नाही. "ताई, मी पाण्यात होतो. नोप म्हणतो काठी त्यानं उपटली. भावजी निशाणाच्या बुडाशी. त्यांना नाही दिसलं? इतक्या वर्षांत ज्यांचा एक निकाल चुकला नाही, त्यांना आजच दिसलं नाही? आणि आजच सिया हेंगची पैज? दोन अधिक दोन मलाही येतात."

"येतात, पण तुझी बेरीज नेहमी दुसऱ्याच्या ताटातली असते," लमाय म्हणाली. पण तिचा आवाज नेहमीसारखा चढला नाही. तिला ठाऊक होतं ते या साऱ्या काठावर कुणालाच ठाऊक नव्हतं. साऱ्यांचे डोळे निशाणावर होते. पंचाकडं पाहणारी ती एकटी. तिचा नवरा चोर नव्हता. पण त्यानं पाहिलंही नव्हतं.

सांगावं का? आताच्या आता, इथंच? 'अरे, ते हात जोडत होते रे,' एवढंच म्हणायचं. तिच्या जिभेवर आलंही. मग तिनं भावाच्या तोंडाकडं पाहिलं, त्याच्या मागच्या तोंडांकडं पाहिलं आणि गिळलं. बायकोनं सांगितलं तर काय होईल? नवऱ्याला वाचवायला बायकोनं भक्तीची गोष्ट रचली, असं होईल. चोराच्या जोडीला एक खोटारडी, एवढीच भर.

तिनं पाटी बनचोंगच्या हातात दिली. "धर. एक जरी तोम कमी झाला तर तुझी खैर नाही."

घाटावरच्या लहान होडीत बसून ती एकटी वल्हवत निघाली. वाटेत मेखला उभी होती. लमाय तिच्यापासून लांबून वळसा घालून गेली, कारण बाईनं शर्यतीच्या नावेला हात लावायचा नसतो आणि त्या दिवशी तर कुणाच्या वाऱ्यालाही उभं राहायला तिला नको होतं. तराफ्याशी तिच्याआधी सिया हेंगची होडी लागली होती.

"लुंग, निकाल म्हणजे निकाल," सिया हेंग सांगत होता. "ओरडू दे त्यांना. पताका उचललीत, विषय संपला. फिरवलंत तर तुमचंच नाव जाईल, मी सांगून ठेवतो."

"सिया," लमाय म्हणाली, "तुमची नळी द्या जरा."

"आँ?"

"कापराची. आणि काठावर जाऊन ती साऱ्यांना दाखवा. गावात म्हणताहेत की ती पुडकं आहे."

सिया हेंगनं सोन्याचे दात दाखवले, पण हसू काही जमलं नाही. "पुडकं? मी? अहो ताई, मी पैज लावतो, माणसं विकत घेत नाही. माणूस विकत घ्यायचा तर पैज लावायला मजा ती काय राहिली?" आणि खरं सांगायचं तर तो खरंच बोलत होता. तो पुटपुटत निघून गेला.

थावॉन तसेच मांडी घालून बसले होते. निळी पताका मांडीवर.

"पी," लमाय म्हणाली. आमच्याकडं बायको नवऱ्यालाही पीच म्हणते, थोरल्या भावाला म्हणावं तसं. "काठावर काय म्हणताहेत, ऐकू येतंय?"

"मी बहिरा नाही."

"मग?"

"मग काय? निकाल दिलाय. काठी निळ्या बाजूला पडत होती."

"पडत होती. निघाली कुणाच्या हातानं?"

थावॉननी मांडीवरची पताका सारखी केली. पाणी तराफ्याखालून खळखळत होतं.

"मी पाहिलं, पी," लमाय हळूच म्हणाली. "तुम्ही हात जोडलेत."

थावॉनच्या तोंडावर रंग चढला आणि उतरला. ते पताकेची काठी बोटांत फिरवत राहिले. "तिला इतक्या वर्षांनी पाण्यावर पाहिली," ते शेवटी म्हणाले. "मला ठाऊकच नव्हतं, त्यांनी तिला राखलीय ते. मी म्हणत होतो, जळणात गेली असेल. आणि ती माझ्या डोक्यावरून... हात आपोआप गेले गं. मी जोडले नाहीत. ते जोडले गेले."

"मला माहीत आहे."

"आता ते कुणाला सांगू? पंच झोपला होता म्हणतील. म्हातारा खुळावला म्हणतील. त्यापेक्षा चोर म्हणू देत. चोर म्हणतात तेव्हा निदान याला दिसलं होतं असं तरी धरून चालतात."

लमायला हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही तिनं एकाच श्वासात आवरलं. "वा! म्हणजे डोळ्यांची अब्रू राखायला हातांची घालवायची. आणि त्या डामचं काय? तो जिंकला असेल तर त्यालाही लोक चोरीचा विजय म्हणतील. नोप जिंकला असेल तर त्याचं गेलंच. सिया हेंग पैसे न देताच बदनाम, बनचोंग उगाच वेडापिसा. तुमच्या एका वाक्यापायी एवढी माणसं पाण्यात उभी आहेत."

"तू सांग मग. तुझं तोंड काही बांधलेलं नाही."

"मी सांगणार नाही." लमायनं तराफ्याची कड घट्ट धरली. "माझ्या तोंडून निघालं तर ती सारवासारव होईल. तुमच्या तोंडून निघालं तरच ते खरं ठरेल. सकाळी लुआंग फो काय म्हणाले, ते तुम्ही ऐकलं नाहीत. घाटावर नाक पुसत बसला होतात. खरं भिजतं म्हणाले. भिजायला घाबरताय? नाळेवर चढणारा गडी तुम्ही!"

शेवटचं वाक्य तिनं टोमणा म्हणून मारलं होतं. पण ते थावॉनना लागलं वेगळंच. ते तिच्याकडं पाहत राहिले. मग पताका खाली ठेवून उठले आणि तिच्या होडीत उतरले. "वल्हव," म्हणाले.

घाटावर शर्यतीचं वर्णन करणाऱ्याचा माईक होता. थावॉन गर्दीतून त्याच्याकडं चालत गेले. वाट देताना लोकांनी शिव्याही दिल्या, पण वाट दिली. त्यांनी माईक घेतला. भोंगा आधी किंचाळला, मग त्यांचा आवाज दोन्ही काठांवर गेला.

"मी थावॉन बोलतोय. मी पैसे घेतलेले नाहीत. पण तुम्ही जे विचारायला पाहिजे होतं ते कुणी विचारलंच नाही, म्हणून मी सांगतो. काठी कुणाच्या हातानं निघाली ते मी पाहिलं नाही."

मागची माणसं पुढं सरकली.

"बान-नोकच्या नावेची नाळ जुनी आहे. ती माझ्यासमोरून गेली. मी नावेच्या आईला हात जोडले. मान खाली गेली, डोळे मिटले. वर पाहिलं तेव्हा काठी निळ्या बाजूला पडत होती, म्हणून निळी उचलली. तो निकाल नव्हता, तो अंदाज होता. अंदाज करायला तुम्ही मला तिथं बसवलेलं नाही. मी निकाल मागं घेतो. शर्यत पुन्हा व्हावी, आणि तराफ्यावर दुसऱ्या कुणाला बसवा."

कुणीतरी फिस्सकन हसलं. "पंच पूजा करत होता!" पण ते हसू एकट्याचंच राहिलं. बान-नोकच्या नावेतला एक पिकल्या केसांचा वल्हेकरी उभा राहिला आणि त्यानं नाळेकडं वळून हात जोडले. मग त्याच्या शेजारच्यानं. मेखलेवरच्या गड्यांनी एकमेकांकडं पाहिलं. देवाला हात जोडले म्हणून माणसाला शिवी कशी द्यायची, हा प्रश्न आमच्याकडं अजून कुणाला सुटलेला नाही.

पैजेवाल्यांनी मात्र गलका केला. लावलेल्या पैजांचं काय, धरायच्या की सोडायच्या? सिया हेंग सर्वांत मोठ्यानं ओरडत होता, कारण जिंकलेला माणूस जिंकणं सोडत नसतो. शेवटी शर्यत पुन्हा, पैजाही त्याच, असं ठरलं. आता प्रश्न राहिला, तराफ्यावर कोण?

था-सायवाल्यांनी एक नाव काढलं. बान-नोक म्हणालं, तो तुमच्या मेहुण्याचा मेहुणा. बान-नोकनं एक काढलं. था-साय म्हणालं, तो दुपारनंतर शुद्धीत नसतो. तिसरं नाव निघालं, त्या माणसानंच हात वर केले. ऊन कलायला लागलं. तेव्हा बान-नोकचा डाम, ज्याच्या हातातून नुकताच विजय गेला होता, तो म्हणाला, "लुंग थावॉननाच बसवा ना. ज्यानं न पाहिलेलं सांगितलं, तो पाहिलेलं कशाला लपवेल?"

बनचोंगनं त्याच्याकडं पाहिलं. पाटीतला एक तोम खाऊन संपवला, बोटं चाटली आणि म्हणाला, "पोरगं बान-नोकचं आहे, तरी बोलतंय बरोबर."

थावॉन नको नको म्हणाले. लोक ऐकेनात. तेव्हा ते म्हणाले, "बसतो. पण आधी माझं एक राहिलंय, ते करून घेऊ द्या."

ते बान-नोकच्या नावेशी गेले. गुडघाभर पाण्यात उतरून त्यांनी जुन्या नाळेला दोन्ही हात लावले, भेगेवरून अंगठा फिरवला आणि कपाळ टेकवलं. खूप वेळ टेकवलं. कुणी घाई केली नाही. मग मेखलेशी जाऊन तिच्या नाळेलाही तसंच कपाळ टेकवलं, तेवढाच वेळ. लमाय काठावरून पाहत होती. गिऱ्हाईक मागून "ताई, चार तोम," म्हणत होतं. तिला ऐकू येत नव्हतं.

शर्यत पुन्हा झाली. या वेळी नावांनी बाजू बदलल्या होत्या. बान-नोक तांबड्या अंगानं, मेखला निळ्या. दमलेले गडी कसे वल्हवतात म्हणाल, तर जीव खाऊन. नाव आली, नाळ आली, रंगीत पट्टे थावॉनच्या चेहऱ्यावरून घासून गेले. लमायनं पाहिलं, त्यांचे हात मांडीवर होते. डोळे असे उघडे, जणू पापण्याच नाहीत. डाम चढला, झोकला, आणि नोपचा हात पोचायच्या आत काठी नळीतून सटकन बाहेर. थावॉननी तांबडी उचलली. या वेळी हात कुठं थांबला नाही.

था-साय हरलं. दोन्ही काठांवर एकही माणूस उलट ओरडला नाही. आमच्या नदीच्या इतिहासात असं पूर्वी झालं असेल तर मला कुणी सांगितलेलं नाही.

बनचोंग पाण्यातून वर आला आणि बहिणीसमोर धप्पकन बसला. "हरलो," म्हणाला. "पण या वेळी कुणीतरी पाहून हरवलं. बरं वाटतंय, आणि का बरं वाटतंय ते मला विचारू नकोस."

सिया हेंग नाचत नाचत चिंचेखाली आला. "पाहिलंत? शेवटी बान-नोकच! मग मघाचा निकाल काय वाईट होता? उगाच गड्यांचे हात मोडले आणि माझ्या काळजाचं पाणी केलंत!"

"मघाशी तुम्ही नशिबानं जिंकला होतात, सिया," लमाय म्हणाली. "आता निकालानं जिंकलात. घरी जाऊन गिरणीच्या मापाला विचारा, काय फरक असतो तो."

आणि तरीही, ऐका बरं, गर्दीत एकजण होताच. जाताना तो सोबत्याला सांगत होता, "अरे, हे सगळं नवरा-बायकोनं मिळून ठरवलेलं. आधी चूक करायची, मग कबूल करायची, म्हणजे लोक विश्वास ठेवतात." लमायनं ते ऐकलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिनं कुणाला उत्तर दिलं नाही. तिला तेवढी फुरसत नव्हती. थावॉन तराफ्यावरून उतरून काठाकडं येत होते. दोन्ही गावांची माणसं त्यांच्या होडीला हात लावून तिला ओढत होती, आणि ते आपले ओल्या बाहीनं नाक पुसत होते. लमाय पाण्याच्या कडेशी गेली. "सर्दी वाढेल," एवढंच म्हणाली, आणि आपल्या खांद्यावरचा पंचा काढून साऱ्या नदीसमोर त्यांचं डोकं पुसू लागली. तिची मान मात्र अशी ताठ होती, की मागून कुणी पाहिलं असतं तर म्हटलं असतं, निशाण हिनंच उपटलंय.

गोष्ट संपली. आता तुम्ही उठाल, घरी जाल, कुणाला तरी सांगाल, आणि सांगताना साऱ्यांना थावॉनच आठवतील, कारण माईकवर ते बोलले. तुम्ही मात्र एवढं करा. त्या होडीत बसून, सारं ठाऊक असूनही जिनं तोंड मिटून धरलं आणि नवऱ्याला त्याचं वाक्य त्यालाच बोलू दिलं, तिचं नाव आधी घ्या. था-सायची लमाय. आज निजण्यापूर्वी हात जोडाल तेव्हा तिच्यासाठीही एकदा जोडा.